कार्बन फायबर जळाल्यानंतरची सफाई : रबाळ्यातील एका सेवेचे परीक्षण

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आग लागून गेलेल्या गाळ्याची सफाई करून देणारे ठेकेदार हवे तेवढे मिळतात. काजळी खरवडायची, भिंती धुवायच्या, जळका माल भंगारवाल्याला द्यायचा आणि रंगाचा एक हात मारून मोकळे व्हायचे, अशी त्यांची ठरलेली रीत असते. साध्या आगीनंतर ती चालूनही जाते. जळालेला माल कार्बन फायबरचा असेल, तर मात्र हीच रीत आगीपेक्षा जास्त उपद्रव करून ठेवते. हा फरक ओळखून कामाचा क्रमच बदलणारी सेवा आपल्या भागात उपलब्ध आहे, हे संबंधितांना कळावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा का दिला नाही, तेही पुढे येईल.

आमचा गाळा रबाळे एमआयडीसीत आहे. ड्रोनच्या भुजा, छपाई यंत्रांचे हलके रोलर आणि शर्यतीच्या मोटारींची काही पॅनल आम्ही कार्बन फायबर व इपॉक्सी रेझिनपासून बनवतो. क्युअरिंग ओव्हनच्या, म्हणजे रेझिन उष्णतेने घट्ट करणाऱ्या भट्टीच्या, बाजूला लागलेली आग ट्रिमिंगच्या, म्हणजे कडा कापून उरलेल्या, कचऱ्यातून मांडणीवरच्या तयार मालापर्यंत गेली. कारणाची चौकशी विमा कंपनीच्या सर्व्हेअरकडे असल्यामुळे त्याविषयी येथे लिहीत नाही. अग्निशमन दलाने आग विझवली, कोणालाही इजा झाली नाही. मागे उरले ते रेझिन जळून गेल्यामुळे सुटे आणि केसाळ झालेले लॅमिनेटचे (रेझिनने एकावर एक चिकटवलेल्या तंतूंच्या कापडाचे) काळे थर, आणि त्यांच्यावर पाण्याने बसलेली, पण वाळताच उडू शकणारी राख.

या राखेत नेमके काय असते, हे समजल्याशिवाय सेवेचे मूल्यमापन करता येणार नाही. कार्बन फायबरच्या वस्तूत तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन असते. इपॉक्सी रेझिन साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान विघटित होऊन जळू लागते. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तर असतोच, शिवाय रेझिन घट्ट करण्यासाठी अमाइन प्रकारचा हार्डनर वापरलेला असेल तर हायड्रोजन सायनाइडही असू शकतो. धूर आगीबरोबर निघून जातो. तंतू मात्र इतक्या सहज जळत नाहीत. त्यांचा मूळ व्यास साधारण ५ ते ७ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, आणि एवढ्या जाडीचा तंतू नाका-घशात अडकला तरी फुप्फुसाच्या अगदी खोल कप्प्यांत सहसा पोहोचत नाही. परंतु भरपूर हवा मिळालेल्या तीव्र आगीत तंतूंचे ऑक्सिडीकरण होते, ते झिजतात, त्यांच्यावर खाचा पडतात, काही उभे चिरतात, आणि त्यातून ३ मायक्रोमीटरपेक्षाही बारीक तुकडे तयार होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब, ३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक आणि जाडीच्या तिपटीहून अधिक लांबी असलेला तंतू फुप्फुसात खोलवर जाऊ शकणारा धरला जातो. हे ॲस्बेस्टॉस नव्हे, आणि तसे सांगून कामगारांना घाबरवण्यात अर्थ नाही. मात्र झाडूने गोळा करण्याजोगी काजळीही ती नव्हे. त्वचेच्या बाबतीत तर हा तंतू गवताच्या कुसळासारखा वागतो: टोकाने शिरतो, आत मोडतो आणि चोळले की अधिक खोल जातो.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. आग शांतपणे जळत असताना जेवढे तंतू हवेत सुटतात, त्यापेक्षा जास्त तंतू जळालेला थर नंतर ढवळला गेल्यावर सुटतात. त्यावर चालणे, तो ओढणे, ग्राइंडरने कापणे, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकणे, पंखा लावून ‘वास घालवणे’ ही सगळी तंतू उडवण्याचीच कामे आहेत. सुटा तंतू इतका हलका असतो की तो सेकंदाला जेमतेम एखाद-दोन सेंटीमीटर या वेगाने खाली येतो, आणि बंद शेडमध्ये एकदा उडाला की तो केबल ट्रे, छताचे पन्हाळे, एअर कंडिशनरची जाळी आणि विजेची पॅनल यांवर जाऊन बसतो. त्यामुळे अशा ठिकाणी सफाईचा दर्जा शेवटी फरशी किती चकाकते यावर ठरत नाही. काम कोणत्या क्रमाने झाले, यावर ठरतो.

या कसोटीवर सदर सेवेची सुरुवातच चांगली झाली. पाहणीसाठी आलेल्या पर्यवेक्षकांनी दरवाजातच थांबून आमच्या माणसाला सांगितले, “दादा, झाडू खाली ठेवा. आणि आतला एकही पंखा लावू नका.” मेन स्विच बंद असल्याची त्यांनी खात्री करून घेतली, एक्झॉस्टच्या जाळ्या आणि शेजारच्या गाळ्याकडील फट प्लास्टिक व टेपने बंद केली, आणि मगच पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घालून ते आत गेले. इन्फ्रारेड थर्मामीटरने त्यांनी लॅमिनेटच्या प्रत्येक थप्पीचे तापमान घेतले. वरून थंड वाटणाऱ्या एका थप्पीच्या मधल्या थरांत अजून ऊब होती, म्हणून तिच्यावर पुन्हा पाणी मारून काम दुसऱ्या दिवशीवर ढकलले. माल साधारण १५० अंशांच्या खाली येऊन स्थिर झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम आहे आणि तो योग्यच आहे, कारण थरांच्या आत धुमसणारी आग हा कंपोझिटचा, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या मालाचा, जुना दुर्गुण आहे. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी जे एअरबस ए३५० विमान जळाले, त्याच्या सांगाड्यात वजनाने निम्म्याहून अधिक भाग कंपोझिटचा होता. आतील सर्व ३७९ जण सुखरूप बाहेर पडले, परंतु विमान पूर्ण विझायला कित्येक तास लागले.

प्रत्यक्ष कामात त्यांनी आधी तंतू बांधले आणि मग उचलले. पहिली फवारणी पाण्याची, त्यात थोडा साबणी द्रव मिसळलेला, म्हणजे पाणी काळ्या थरावरून ओघळून न जाता आत मुरते. फवारणी मंद दाबाची आणि धुक्यासारखी होती. जोराच्या फवाऱ्याने तंतू बसण्याऐवजी उडतात, हे त्यांच्या माणसांना सांगावे लागले नाही. दुसरी फवारणी पाण्यात पातळ केलेल्या ॲक्रिलिक द्रवाची. यात काही गूढ रसायन नाही. फरशीला चमक आणण्यासाठी वापरतात त्याच जातीचे हे ॲक्रिलिक आहे, आणि अमेरिकी हवाई दलाच्या अपघातोत्तर मार्गदर्शनातही तंतू जागेवर धरून ठेवण्यासाठी याच प्रकारचा उपाय सांगितलेला आहे. वाळल्यावर पृष्ठभागावर पातळ पापुद्रा तयार होतो आणि सुटे तंतू त्याखाली अडकून राहतात. पापुद्रा धरल्यानंतरच त्यांनी थप्प्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आणि सांधे टेपने बंद केले. मोठे तुकडे कापावे लागले तेथे ग्राइंडर न लावता हाताची करवत वापरली, आणि करवत चालत असताना एक जण सतत पाणी शिंपडत होता. वेळ दुप्पट लागला, पण खोलीतली हवा स्वच्छ राहिली.

वेळेच्या निवडीबद्दल त्यांचे विशेष कौतुक करावेसे वाटते. रबाळे-घणसोली भागात दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो आणि तो पारसिकच्या डोंगराकडे जातो, हे येथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाहेरच्या आवारात पडलेला जळका माल त्यांनी सकाळीच फवारून झाकून टाकला आणि आतील काम दुपारी घेतले. उलट क्रम धरला असता, तर आमची राख पूर्वेकडच्या गाळ्यांत गेली असती, आणि तेथे एक छापखाना व एक इलेक्ट्रॉनिक जोडणीचे युनिट आहे.

उरलेली धूळ त्यांनी हेपा फिल्टरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या गाळणीच्या, व्हॅक्यूमने ओढून घेतली आणि शेवटी ओल्या कपड्याने पुसली. घरगुती किंवा साध्या औद्योगिक व्हॅक्यूमने हे काम करू नये. बारीक तंतू त्याच्या पिशवीतून पार होऊन मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात, आणि मोटर उघडी असेल तर तीही जळू शकते. माणसांच्या अंगावर धूळरोधक पूर्ण सूट, आत नायट्राइलचे आणि बाहेर चामड्याचे असे दुहेरी हातमोजे, आणि तोंडावर पी३ दर्जाच्या फिल्टरचे मास्क होते. कापडी रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क लावून हे काम करणारा ठेकेदार दिसला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. एफएफपी३ हा भारतीय मानक आयएस ९४७३ मधील सर्वांत वरचा दर्जा आहे आणि सफाईच्या शेवटच्या टप्प्यात तो पुरेसा ठरतो; पण फवारणीपूर्वी आत जाताना डोळेही झाकले जावेत म्हणून पूर्ण चेहऱ्याचा मास्कच हवा. मे महिन्याच्या उकाड्यात त्या सूटमध्ये माणूस फार वेळ टिकत नाही, त्यामुळे त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. बाहेर पडताना सूट व्हॅक्यूम करून, उलटा गुंडाळून पिशवीत जात होता. अंगाला लागलेले तंतू त्यांनी आधी चिकटपट्टीने टिपून काढले आणि मग गार पाण्याने धुतले, कुठेही चोळले नाही. आमच्या कामगारांनी ही युक्ती लगेच उचलली. रोजच्या ट्रिमिंगनंतर मनगटाला जी खाज सुटते, तिच्यावरही हाच उपाय चालतो.

आता विजेचा भाग, आणि पाचवा तारा गेला तो येथेच. कार्बनचा तंतू वीज वाहतो, काचेचा तंतू वाहत नाही. फायबरग्लासच्या आगीची सवय असलेल्यांच्या हे लक्षात राहत नाही. मे १९९९ मध्ये नाटोच्या विमानांनी सर्बियातील वीज केंद्रांवर नेमके असेच वाहक तंतू पसरवून देशाच्या मोठ्या भागातील दिवे घालवले होते. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, नासाच्या लँग्ली संशोधन केंद्राने विमान अपघातात जळालेल्या कंपोझिटचे तंतू वाऱ्याबरोबर पसरून विद्युत उपकरणे बिघडवतील काय, याचा मोठा अभ्यास केला आणि एकूण धोका अल्प असल्याचा निष्कर्ष १९८० च्या सुमारास काढला. काही जण या निष्कर्षाचा हवाला देऊन पॅनल नुसते पुसून चालू करा म्हणतात. माझ्या मते ती चूक आहे, कारण तो हिशेब मोकळ्या हवेत दूरवर विखुरलेल्या तंतूंचा आणि संपूर्ण देशभरच्या नुकसानीचा होता. आमच्या पॅनलमध्ये मात्र, आगीपासून काही पावलांवर, एका बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या उघड्या धातूच्या पट्टीवर) तंतूंचा पुंजका बसला होता.

सेवेच्या माणसांनी पॅनल उघडून, वीज पूर्ण तोडल्याची खूण लावून, हेपा व्हॅक्यूम आणि मऊ ब्रशने ती साफ केली. फुंकर किंवा कॉम्प्रेसर वापरला नाही, हे चांगले झाले. परंतु इन्सुलेशनची मेगर चाचणी, म्हणजे वेष्टनातून वीज गळते का हे उपकरणाने मोजणे, त्यांच्या कामात धरलेलीच नव्हती. ती आमच्या वायरमननी केली आणि एका मोटरच्या केबल बॉक्समध्ये रीडिंग कमी आले. उघडून पाहिल्यावर ग्लँडच्या, म्हणजे केबल आत शिरते तेथल्या जोडाच्या, आत तंतू सापडले. व्हीएफडी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) आणि ओव्हनच्या कंट्रोलरची इलेक्ट्रॉनिक कार्डे तर त्यांनी हातातच घेतली नाहीत, ती उत्पादक कंपनीकडे पाठवा असे सांगितले. कार्डांबद्दलचा हा सल्ला प्रामाणिक आहे, कारण कमी व्होल्टेजच्या सर्किटवर एखादा तंतूही घोटाळा करू शकतो. मात्र मोटर, केबल आणि वितरण पॅनल यांची चाचणी हा त्यांच्या कामाचाच भाग असायला हवा. “सफाई झाली आहे” एवढ्या शब्दावर मेन स्विच टाकता येत नाही.

दुसरी त्रुटी अहवालातील. काम संपल्यावर त्यांनी पंपाने मेम्ब्रेन फिल्टरवर हवा ओढून घेतली आणि फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या तंतूंची संख्या दिली. पद्धत मान्यताप्राप्त आहे, पण तिच्यात तंतू केवळ आकारावरून मोजला जातो. तो कार्बनचा, काचेचा की सुताचा हे त्यातून ठरत नाही. आमच्याकडे ग्लास फायबरचेही काम चालते, त्यामुळे आलेला आकडा नक्की कशाचा, हा प्रश्न उरला. काही नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतले असते किंवा पृष्ठभागावरचे चिकटपट्टीचे नमुने जोडले असते, तर अहवालाला वजन आले असते. शिवाय संपूर्ण अहवाल इंग्रजीत आहे. मालकाला आणि सर्व्हेअरला तो पुरेसा आहे. ज्यांनी उद्या त्या जागेत उभे राहायचे, त्यांना कोणती जागा मोकळी झाली आणि कोणती नाही, हे मराठीत किंवा हिंदीत एका पानावर मिळाले पाहिजे. मागणी केल्यावर त्यांनी ते दिले, पण मागणी करावी लागली.

कचऱ्याच्या बाबतीत मला त्यांच्याविषयी तक्रार नाही. जळका कंपोझिट भंगारात देण्यात दुहेरी धोका आहे: भंगारवाला तो फोडतो, आणि त्याला घेणारा कोणी तरी तो जाळतो. या सेवेने सर्व पिशव्या दुहेरी बांधून, त्यांच्यावर कार्बन फायबरचा कचरा, जाळू नये अशी चिठ्ठी लावून, घातक कचरा म्हणून तळोज्याच्या सामाईक प्रक्रिया केंद्रात पाठवल्या आणि घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार फॉर्म १० मधील मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदपत्राची, प्रत आम्हाला दिली. ‘जाळू नये’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भट्टीत गेलेले वाहक तंतू धूर गाळणाऱ्या इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्रणेत शॉर्ट सर्किट करू शकतात. धुण्याचे पाणीही त्यांनी नाल्यात सोडले नाही, कापडी गाळणीतून काढून ते साठवले. एवढेच की विल्हेवाटीचा आणि वाहतुकीचा खर्च सुरुवातीच्या कोटेशनमध्ये नव्हता, तो वजनावर नंतर लागला. एकूण बिल साध्या सफाईच्या दुपटीहून अधिक झाले. काम पाहता ते अवाजवी वाटले नाही, मात्र विमा कंपनीकडे मंजुरीसाठी जाताना पूर्ण आकडा हातात असणे गरजेचे असते.

ही सेवा कोणासाठी, हेही सांगतो. आपल्याकडे केवळ लाकूड, पुठ्ठा किंवा साधे प्लास्टिक जळाले असेल, तर इतका खर्च करण्याचे कारण नाही. कार्बन फायबरचा साठा असलेले छोटे गाळे, ड्रोन व सायकलींचे दुरुस्तीवाले आणि पवनचक्क्यांच्या पात्यांचे काम करणारे यांनी मात्र आग लागण्याआधीच अशा सेवेशी बोलून ठेवावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी व जुलैत आपण जो फॉर्म बी देतो, तो अग्निशामक यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला असतो. माल जळाल्यावर त्यातून काय सुटेल, हे त्या कागदात कुठेही येत नाही. अग्निशमन दलाच्या जवानांनाही ते दारावर कोणी तरी सांगावे लागते. कोणत्याही ठेकेदाराला ठेका देण्यापूर्वी मी विचारीन ते एवढेच: फवारणी उचलण्याआधी करता की नंतर, व्हॅक्यूम कोणता वापरता, आणि पिशव्या शेवटी कुठे जातात. पहिल्या प्रश्नालाच जो अडखळतो, त्याच्याकडे पुढचे प्रश्न विचारण्याची गरज राहत नाही.

काम संपल्यावर पर्यवेक्षकांनी आमच्या साठवणीबाबत काही सूचना केल्या. ट्रिमिंगचा कचरा झाकणाच्या लोखंडी पिंपात आणि ओव्हनपासून दूर ठेवावा, विजेच्या पॅनलच्या दारांना गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) लावावे, आणि गाळ्याच्या बाहेर, गेटजवळ, हातपंपाची फवारणी टाकी, ॲक्रिलिक द्रवाचा कॅन, जाड प्लास्टिकचा रोल व मास्क असलेली एक पेटी ठेवावी. पेटी आम्ही लगेच केली. पिंपे आणली आहेत, गॅस्केटचे काम सुरू आहे. वार्षिक कराराचा त्यांचा प्रस्तावही स्वीकारला आहे. त्यात मेगर चाचणी, मराठी अहवाल आणि विल्हेवाटीसह एकच दर या तीन अटी आम्ही लेखी घालून घेतल्या, आणि त्यांनी त्या फारशी घासाघीस न करता मान्य केल्या.